९६.१ चं कोडं

बालमित्रांनो, आज तुम्हाला एक कोडं घालायचं आहे. परीक्षेत कुणाला शंभरपैकी ९६ गुण मिळाले, तर त्यात नवल नाही. साडेशहाण्णवही मिळू शकतात. पण ९६.१? हा वरचा दशांश एक आला कुठून? आणि एवढे गुण मिळवून, त्या पेपरात पहिली येऊनसुद्धा, त्या मुलीला पदक का बरं मिळालं नाही?

ही गोष्ट आहे १० ऑगस्ट २०२४ ची, पॅरिस ऑलिंपिकमधली. मुलगी जपानची, वय २० वर्षं, उंची अवघी १५४ सेंटिमीटर. नाव आई मोरी. हो, हो, नावच आई! खेळ होता प्रस्तरारोहण, म्हणजे कडा चढण्याचा. फक्त इथे कडा माणसानं बनवलेला असतो.

पूर्वी तसं नव्हतं. १९८५ साली इटलीतल्या बार्दोनेक्कियाजवळ मोठी स्पर्धा झाली, ती खऱ्याखुऱ्या कड्यावर. पण प्रत्येक स्पर्धेला नवा, कुणीच न चढलेला कडा आणायचा कुठून? कृत्रिम भिंतीवर मात्र पकडायचे खुंट, म्हणजे 'होल्ड', काढून नव्या जागी लावले की झाला नवा मार्ग तयार. त्यामुळे स्पर्धा हळूहळू भिंतीवर आल्या.

आता 'लीड' या प्रकाराची अंतिम फेरी कशी होते, ते पाहू. भिंत पंधरा मीटरच्या आसपास उंच, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी. वर जाता जाता ती पुढे झुकलेली असते. सगळ्या स्पर्धकांना आधी एका बंद जागेत बसवतात. तिथे मोबाइल नाही, बाहेरची बातमी नाही. का? तर आधी चढणाऱ्याचं पाहून नंतरच्याला फायदा व्हायला नको. अगदी आपल्या परीक्षेसारखंच की!

फक्त एकदा सर्वांना मिळून बाहेर आणतात. सहा मिनिटं मार्ग खालूनच न्याहाळायचा. तेव्हा स्पर्धक हवेतच हात हलवून कुठला हात कुठे जाईल याची उजळणी करतात. काही जण चक्क दुर्बीण लावतात! मग परत आत.

नाव पुकारलं की एकेकानं यायचं. कमरेला दोर बांधलेला असतो, त्याचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाती. पण दोर वरून सोडलेला नसतो बरं का! चढता चढता भिंतीवरच्या एकेका कडीत तो आपणच अडकवत जायचं. एका हातानं लोंबकळत हे करून बघा म्हणजे कळेल! वेळ सहा मिनिटं आणि संधी एकच. हात सुटला की दोर झेलतो, इजा सहसा होत नाही, पण चढाई तिथेच संपते.

आता गुणांचं गणित. पॅरिसमध्ये वरचे चाळीस होल्ड मोजले गेले. त्यांतल्या सर्वांत खालच्या दहांना प्रत्येकी १ गुण, त्यावरच्या दहांना २, पुढच्या दहांना ३ आणि शेवटच्या दहांना ४. करा बेरीज: १०, २०, ३० आणि ४०. झाले शंभर! आणि होल्ड नीट पकडून पुढच्याकडे झेप घेतली, पण तो हाती आला नाही, तर त्या धडपडीचा दशांश एक.

आलं लक्षात? आई मोरी शेवटून दुसऱ्या होल्डपर्यंत पोचली होती. शेवटच्याकडे तिनं हात टाकला आणि ती पडली. म्हणून ९६.१! त्या दिवशी तिच्याइतकं उंच कुणीच गेलं नाही.

मग पदक कुठे गेलं? पॅरिसमध्ये लीडबरोबर 'बोल्डरिंग'चेही शंभर गुण धरले होते. त्यात दोर नसतो, बुटक्या भिंतीवर अवघड उड्या आणि कसरती असतात. २०१६ आणि २०१७ साली या प्रकाराची विश्वचषक स्पर्धा आपल्या नवी मुंबईत झाली होती. पॅरिसमध्ये बोल्डरिंगच्या पहिल्याच कोड्याचा सुरुवातीचा होल्ड मोरीच्या हातापासून वर राहिला. तिनं पुन्हा पुन्हा उड्या मारल्या, पण तो काही हाती लागेना. त्या कोड्यात शून्य! बोल्डरिंगमध्ये एकूण ३९ आणि लीडमध्ये ९६.१ मिळून झाले १३५.१. स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट १६८.५ गुणांनी सुवर्ण घेऊन गेली आणि मोरी चौथी आली.

बुटक्या मुलीवर अन्याय झाला का, यावर लोकांनी खूप वाद घातला. तुम्हाला काय वाटतं? घरात आईबाबांशी जरूर बोला. पण एक विसरू नका. सर्वांसमोर शून्य पदरात पडल्यावर त्याच दुपारी ती त्या उंच भिंतीखाली पुन्हा उभी राहिली आणि सगळ्यांच्या वर गेली.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लीडला स्वतंत्र पदक ठरलं आहे. तोवर हे सोडवा पाहू: वरून अकरावा होल्ड पकडून तुम्ही दहाव्याकडे झेप घेतलीत आणि पडलात, तर पॅरिसच्या नियमानं गुण किती?

(उत्तर: ६०.१)