उपवासाला चरबी खरंच जळते का? पेशीतले सिग्नल समजून घेऊया

फिटनेस अ‍ॅपमध्ये ‘फॅट बर्न’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेलच. पण साठा आता मोकळा करायचा, हे चरबीच्या पेशीला कळतं कसं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे मला हा सगळा मेसेजिंगचा खेळ वाटतो. चला, बघूया.

साठा कसा असतो?

चरबीच्या पेशीत तेलाचा एक मोठा थेंब असतो. त्यात असतं ट्रायग्लिसराइड, म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन फॅटी अ‍ॅसिड. हे जोड तुटले की फॅटी अ‍ॅसिड रक्तात येतात आणि स्नायू ती इंधन म्हणून वापरतात. या तोडण्याला लायपोलिसिस म्हणतात.

‘सुरू करा’चा मेसेज

समजा, तुम्ही जेजुरीचा गड चढताय. शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढतं. ते पेशीच्या आत जात नाही, बाहेरच्या बीटा रिसेप्टरला चिकटतं. दारावरची बेल दाबल्यासारखं! मग आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर तयार होतो. (तो शोधणाऱ्या अर्ल सदरलँड यांना हार्मोनवरील कामासाठी १९७१ चं नोबेल मिळालं.) हा रेणू पीकेए या एन्झाइमला जागं करतो. पीकेए थेंबाभोवतीच्या पेरिलिपिन या राखणदाराचा पहारा सैल करतं. मग एटीजीएल, एचएसएल आणि एमजीएल ही तीन एन्झाइम एकेक फॅटी अ‍ॅसिड सोडवतात.

‘थांबवा’चा मेसेज

तो देतं इन्सुलिन. जेवल्यावर ते वाढतं आणि पेशीतला सायक्लिक एएमपी मोडायला लावतं. मेसेजच डिलीट, मग काम बंद.

आता आमच्या मोरगावची संकष्टी घ्या. चंद्रोदयापर्यंत काहीच खाल्लं नाही, तर इन्सुलिन कमी राहतं आणि साठा उघडतो. पण दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली की? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. साखर वाढते, इन्सुलिन वाढतं, साठ्याला पुन्हा कुलूप. आणि सुटलेली फॅटी अ‍ॅसिड वापरलीच नाहीत, तर ती परत चरबी म्हणून साठतात. म्हणून उपवास श्रद्धेने जरूर करा, पण डाएट म्हणून मोजू नका.

बारीक आहात? तरी वाचा

‘थांबवा’चा मेसेज पेशी नीट ऐकेनाशी झाली, की फॅटी अ‍ॅसिड रक्तात सतत झिरपतात आणि यकृतात, स्नायूंत साठतात. टाइप २ मधुमेहाची वाट इथूनही जाते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे अ‍ॅपने बीएमआय हिरव्या रंगात दाखवला तरी निर्धास्त राहू नका. कंबरेचा घेर मोजा, घरात मधुमेह असेल तर साखर तपासा.

आणि एक महत्त्वाचं. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर ‘आज उपवास आहे’ म्हणून इंजेक्शन परस्पर बंद करू देऊ नका. विशेषतः टाइप १ मध्ये ‘थांबवा’ म्हणणारं दुसरं कुणी नसतं. चरबी बेसुमार तुटते, रक्त आम्लधर्मी होतं आणि जिवावर बेततं. डोस किती घ्यायचा, हे उपवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारा.