गोमुखाच्या पाण्याची फोड

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी पावसाचं आणि झऱ्यांचं. त्यात हिमाचा वाटा नाही. तरीही शहराबाहेर सिमरोलला असलेल्या आयआयटी इंदूरमध्ये मोहम्मद फारूक आझम यांचा संशोधन गट हिमालयातल्या हिमनद्या आणि त्यांतून निघणाऱ्या प्रवाहांचा अभ्यास करतो. पारुल विंझे यांनी या गटातून केलेला गंगोत्री हिमनदी समूहाचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. 1980 ते 2020 या चाळीस वर्षांचा प्रवाह त्यात संगणकी मॉडेलने उभा केला आहे. हिमनदीच्या मुखाशी, म्हणजे गोमुखाखाली, सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे 28 घनमीटर निघाला. पण माझ्या मते खरं मोल या आकड्याला नाही, त्याच्या फोडीला आहे: वितळलेलं हिम 64 टक्के, हिमनदीचा बर्फ 21, पाऊस 11 आणि जमिनीतला पाझर 4 टक्के.

नदीत उतरल्यावर पाणी एकच होतं आणि विसर्ग मोजणाऱ्याला ते कुठून आलं हे कळत नाही. येणाऱ्या वर्षांच्या दृष्टीने मात्र या चार वाट्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. हिम दर हिवाळ्यात नव्याने साठतं; हिमनदीचा बर्फ ही पिढ्यांची शिल्लक असते, ती खर्चली की सहजी परत भरत नाही; पाऊस पडला की लगेच वाहतो. या अभ्यासानुसार 1990 नंतर प्रवाहाचा कळस ऑगस्टमधून जुलैत सरकला आणि त्याचं कारण हिवाळ्यातली घटलेली हिमवृष्टी व उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाढलेलं वितळणं. पावसाचा आणि पाझराचा वाटा वाढतो आहे, हेही त्यात दिसलं. वर्षाची एकूण बेरीज पाहून यातलं काहीच हाती लागलं नसतं.

मॉडेलचं काम सांगायला सोपं आहे. पाणलोट क्षेत्राचे चौकोन पाडायचे, उंचीप्रमाणे प्रत्येकाचं तापमान ठरवायचं, पडणारं पाणी हिम की पाऊस हे त्यावरून ओळखायचं आणि वितळबिंदूच्या वरच्या प्रत्येक अंशामागे दिवसाला ठरावीक मिलिमीटर वितळवायचं. इथेच पहिला आक्षेप येतो: बर्फ मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने वितळतो, मग नुसतं तापमान कसं पुरेल? आक्षेप बिनबुडाचा नाही. लाहौलमधल्या छोटा शिगरी हिमनदीवर आझम आणि सहकाऱ्यांनी हवामान केंद्राच्या नोंदींवरून केलेल्या मोजणीत, वितळायला लागणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे 80 टक्के प्रारणातून येते असं निघालं होतं. पण तो हिशोब मांडायला प्रारण, वारा, आर्द्रता यांच्या नोंदी लागतात. अशी केंद्रं इतक्या उंचीवर मोजकीच आहेत. मोठ्या क्षेत्रासाठी आणि चाळीस वर्षांसाठी तापमान हाच हाताशी असलेला धागा आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. उंच शिखरांवर किती हिम पडतं हे कुणी नीट मोजत नाही. मॉडेलने हिमवृष्टी कमी धरली, तर ती तूट हिमनदीचा बर्फ जास्त वितळवून भरून निघते. विसर्ग मोजणीशी तंतोतंत जुळतो आणि फोड मात्र साफ चुकते. म्हणून केवळ विसर्ग जुळला, एवढ्यावर मॉडेलवर विश्वास ठेवू नये. हिमाचं आच्छादन उपग्रहाच्या चित्रांशी आणि हिमनदीची घट प्रत्यक्ष मोजणीशी पडताळली, तर ही लपवाछपवी उघडी पडते. छोटा शिगरीवर 2002 पासून दरवर्षी होणारी बर्फाच्या जमाखर्चाची मोजणी म्हणूनच इतकी मोलाची आहे. तिथे खांब रोवणारी, खड्डे खणणारी माणसं नसती तर संगणकातल्या आकड्यांना कसोटीच उरली नसती.

राहिला प्रश्न व्याप्तीचा. गोमुखाजवळची फोड सगळ्या गंगेला लावणं चूकच ठरेल. याच गटाच्या पुढाकाराने 2021 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या आढाव्यात हिमनदीतज्ज्ञ अनिल कुलकर्णीही सहलेखक होते. हिमाच्या आणि बर्फाच्या पाण्यावर सिंधूचं खोरं जितकं अवलंबून आहे, तितकं गंगेचं नाही, हे त्यात मांडलं आहे. गंगेच्या मैदानात मोसमी पावसाचंच राज्य आहे. मात्र मैदानाच्या कितीतरी आधी, गोमुखातून निघणाऱ्या भागीरथीवरच मनेरीचे वीजप्रकल्प आणि टिहरीचं धरण आहे. पाणी कधी अडवायचं आणि कधी सोडायचं, हे टिहरीला महिन्यांच्या हिशोबाने ठरतं. वरच्या खोऱ्यातला कळस एक महिना अलीकडे आला असेल, तर ते वेळापत्रक या फोडीसमोर ठेवून पुन्हा तपासायला हवं.