इंजिन बदललं की पिकअप नवी होते?

'व्ही-8 बसवा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावा, जुनी पिकअप हायवेला पळायला लागेल.' हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की तो खोडणं भाग आहे. अमेरिकेतली 1947 ते 1953 ची शेवरोले 3100 घ्या. हा बदल तिच्यावर सर्रास होतो. तिचं सहा सिलिंडरचं 3.5 लिटरचं इंजिन सुमारे 90 अश्वशक्तीचं, म्हणून सगळा दोष त्याच्यावर ढकलला जातो. पण मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर 4.11 असेल, तर 16 इंची रिमवरच्या मूळ टायरच्या हिशेबाने ताशी 100 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3,000 फेरे घेतं. तिथे 200 अश्वशक्तीचं इंजिन आलं, तरी टॉप गिअर 1:1 असताना फेरे तेवढेच राहतात. चढ सोपा होईल, इंजिनचा आक्रोश थांबणार नाही. 0.70 ओव्हरड्राइव्हचा 700आर4 गिअरबॉक्स हेच फेरे 2,100 च्या आसपास आणतो. म्हणजे फेरे उतरतात ते गुणोत्तर बदलल्याने, अश्वशक्ती वाढवल्याने नव्हे.

'मग तोच गिअरबॉक्स लावू,' असा प्रतिवाद होतो. पण तो जोडणार कशाला? या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत फिरतो. ही टॉर्क ट्यूब ॲक्सलला घट्ट जोडलेली असते आणि ॲक्सलचा पीळही तीच सोसते. नवे गिअरबॉक्स उघड्या शाफ्टसाठी बनलेले असतात, म्हणून बहुतेक वेळा अख्खा मागचा ॲक्सल बदलावा लागतो. खुद्द शेवरोलेने 1955 मध्येच ही नळी सोडून दिली. त्यानंतरचा प्रश्न ब्रेकचा, आणि त्याकडे होणारं दुर्लक्ष अक्षम्य आहे. वेग 80 वरून 110 वर गेला, की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. इथे तर चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकेरी: एक पाइप फुटला, की पेडल थेट तळाला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. व्ही-8 ने पुढचा भाग जड होतो? शेवरोलेचं 1955 चं व्ही-8 त्यांच्याच सहा सिलिंडरपेक्षा हलकं होतं. जुनी वायरिंग चालेल? ती 6 व्होल्टची आहे, नव्या इंजिनाला 12 लागतात. भारतात अशी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल? 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी 50 वर्षांहून जास्त वय तर हवंच, शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणून खर्चाचा क्रम उलटा लावा: आधी ब्रेक, मग ॲक्सल आणि गिअरबॉक्स, इंजिन सगळ्यात शेवटी. पैसे मध्येच संपले, तरी हाती राहील ती थांबणारी गाडी.