‘जय भीम’ वाचता येत नाही तेव्हा: मोबाईलवर न उमटणाऱ्या मराठी फाईली

माहूर तालुक्यातल्या ज्या वस्त्यांमध्ये आम्ही काम करतो, तिथे घरात संगणक क्वचितच असतो. जे काही आहे ते मोबाईलवर. आणि शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, जात पडताळणी, वसतिगृहाचा प्रवेश यांची पत्रं आता बऱ्याचदा ईमेलला जोडून येतात. मुलगी पत्र उघडते, समोर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. ‘व्हायरस असेल’ म्हणून ती ते पुसून टाकते. त्याच पत्रात त्रुटी पूर्ण करण्याची शेवटची तारीख असते. मग अर्ज बाद, आणि शेरा काय, तर ‘विद्यार्थ्याने प्रतिसाद दिला नाही’. म्हणून हा विषय तांत्रिक वाटला तरी इथे मांडतो आहोत.

अशी फाईल बहुतेक वेळा बिघडलेली नसते. घोळ फॉन्टचा असतो. संगणकावर मराठी टायपिंग सुरू झालं तेव्हा सगळीकडे सारखी चालेल अशी सोय हाताशी नव्हती. त्यामुळे फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली: इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख हे सगळे त्याच घराण्यातले, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. कृतिदेवमध्ये ‘जय’ टाईप केलं की संगणक आत साठवतो ‘टी’ आणि अर्धविराम. ‘भीम’ म्हणजे एच, के, एच, ई. ‘बुद्ध’ म्हणजे सी, क्यू आणि एक कंस, कारण ‘द्ध’ हे जोडाक्षर चक्क कंसाच्या जागी बसवलेलं आहे! ज्या संगणकात तो फॉन्ट आहे तिथे सगळं नीट दिसतं. आपल्या फोनमध्ये तो नसतो, म्हणून फोन आत जे खरोखर साठवलंय तेच दाखवतो.

युनिकोड १९९१ साली आलं आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर चालणारा स्वतःचा क्रमांक मिळाला. आजचा साधा फोनही तो ओळखतो. तरीही अनेक टायपिंग सेंटर आणि कार्यालयं जुन्या फॉन्टवर अडून बसली आहेत. हा घोळ आपल्याकडेच झाला असंही नाही. म्यानमारमध्ये झॉजी नावाच्या फॉन्टमुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फोनवर वाचता येत नव्हता. शेवटी १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस ठरवून तिथे युनिकोडकडे वळण्याची मोहीम झाली. आपल्याकडे असा दिवस कुणी ठरवलेला नाही.

तर करायचं काय? सगळ्यात आधी, ईमेल पुसू नका. त्याच ईमेलला उत्तर द्या: ‘महोदय, आपण पाठवलेली फाईल मोबाईलवर वाचता येत नाही. कृपया ती पीडीएफ स्वरूपात किंवा युनिकोडमध्ये पुन्हा पाठवावी.’ या दोन ओळींचा दुहेरी उपयोग होतो. पीडीएफ नीट बनवली तर फॉन्ट तिच्या आतच बसून येतो, त्यामुळे कुठेही वाचता येते. आणि तुम्ही कधी काय कळवलं याची तारखेसह नोंद राहते. पुढे ‘प्रतिसाद दिला नाही’ असं कुणी म्हणालं तर हीच नोंद दाखवायची.

मुदत जवळ असेल तर वाट पाहू नका. मजकूर कॉपी करा आणि कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या एखाद्या मोफत कन्व्हर्टरमध्ये टाका. अर्थ लागला नाही तर श्रीलिपीचा कन्व्हर्टर वापरून बघा. मात्र आधार क्रमांक, बँक खातं असलेला मजकूर अनोळखी वेबसाईटवर टाकू नका. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं बदलताना चुकतात, म्हणून तारीख आणि रक्कम फोन करून पक्की करून घ्या.

बाकी अडचणी किरकोळ आहेत. फाईलचं नाव ‘विनमेल डॉट डॅट’ असेल तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकची सेटिंग कारणीभूत असते. ‘साध्या मजकुराच्या किंवा एचटीएमएल स्वरूपात पुन्हा पाठवा’ असं कळवा. वर्डची फाईल उघडतच नसेल तर गुगल डॉक्स टाकून बघा. डोंगरभागात रेंज तुटते आणि फाईल अर्धीच उतरते. ती काढून पुन्हा डाऊनलोड करा, ईमेल तिथेच असतो. ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. आणि ‘योजनेचा फॉर्म’ म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी एपीके असेल तर ती अजिबात उघडू नका. ते पत्र नसतं, फोनमध्ये शिरणारं ॲप असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणखी एक करावं. २००५ च्या कायद्याचं कलम ७(९) सांगतं की माहिती सर्वसाधारणपणे ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यावी. कार्यालयाच्या साधनांवर अवाजवी ताण पडत असेल किंवा कागदपत्रांच्या सुरक्षिततेला बाधा येत असेल तरच त्याला अपवाद आहे. तेव्हा अर्जातच ‘युनिकोड मराठीत, पीडीएफ स्वरूपात’ असं लिहा.

आता थोडं आपल्या घरात. विहारांच्या कार्यक्रमपत्रिका, धम्मवर्गाच्या टिपणी, जुनी निवेदनं यातलं पुष्कळ साहित्य कृतिदेवमध्येच पडून आहे. त्याची पीडीएफ दिसायला ठीक असते, पण त्यात शब्द शोधता येत नाही, कॉपी केलं तर पुन्हा तोच काला, आणि अंध वाचकांचं वाचून दाखवणारं ॲप तिथे अडखळतं. टायपिंग करणारे म्हणतात, ‘इतक्या वर्षांची बोटांची सवय कशी मोडू?’ ती मोडावी लागत नाही. त्याच रेमिंग्टन मांडणीचा युनिकोड कीबोर्ड मोफत मिळतो. तो संगणकात घ्यायचा, फॉन्ट मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी निवडायचा आणि पुढचं निवेदन त्यातच टाईप करायचं.