शेतमजुराचें घर आणि परवाना

शेतावर राबणाऱ्याचें घर शेतावरच असावें, हें स्वाभाविक वाटतें. परंतु इंग्लंडांत तसें घर बांधण्यास परवानगी सहजासहजीं मिळत नाहीं. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानें जमिनीची मालकी आणि तीवर घर बांधण्याचा अधिकार यांची फारकत केली. मोकळ्या रानांत घरांची दाटी होऊं नये, हा त्यांतील एक हेतु.

मग मजुरानें राहावें कोठें? त्याच्यासाठीं अपवाद ठेवला आहे. २०१२ पासूनचें राष्ट्रीय धोरणही तो मानतें. मेंढ्या रात्रीं-अपरात्रीं वितात, आजारी जनावराजवळ तत्काळ माणूस लागतो. अशी खरी गरज अर्जदारानें सिद्ध करावयाची असते. केवळ सोय पुरत नाहीं. धंदा नवा असल्यास बहुधा प्रथम तीन वर्षांपुरतें तात्पुरतें बिऱ्हाड मंजूर होतें.

परवान्याबरोबर सामान्यतः एक अट येते: शेतीवर काम करणाऱ्यानें, अथवा ज्याचें अखेरचें काम शेतीचें होतें त्यानेंच तेथें राहावें. त्याची विधवा व आश्रितही तींत येतात. त्यामुळें शहरांतील धनिकास दार बंद राहतें, आणि हात थकलेल्या मजुरास ही अट बाहेर काढीत नाहीं. घरमालकाच्या मर्जीपासून त्यास संरक्षण देण्यासाठीं मात्र १९७६ मध्यें निराळा कायदा करावा लागला.