करुणेचा अभ्यासक्रम : ‘बोधिचर्यावतार’ आणि एका भिक्षुणीचे विवरण
(लेखांक सातवा)

मागील लेखांकात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचा विचार पाली परंपरेच्या अंगाने झाला. महाराष्ट्रातील बौद्ध वाचकाला हे शब्द ओळखीचे आहेत. मात्र महायान परंपरेत याच करुणेला जे रेखीव, जवळजवळ अभ्यासक्रमासारखे रूप मिळाले, त्याचा सर्वांत समर्थ ग्रंथ त्यामानाने दूरच राहिला आहे. आठव्या शतकात नालंदा महाविहारातील भिक्षू शांतिदेव यांनी संस्कृतात रचलेला ‘बोधिचर्यावतार’ हा तो ग्रंथ. हरिवंशाच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक म्हणून ज्यांना मराठी अभ्यासक ओळखतात, त्या परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी 1960 साली दरभंगा येथून प्रज्ञाकरमतीच्या ‘पंजिके’सह, म्हणजे पदांचा अर्थ उलगडत जाणाऱ्या संस्कृत टीकेसह, तो संपादित करून प्रसिद्ध केला.

ग्रंथाच्या नावातील ‘अवतार’ हा शब्द मराठी वाचकाची दिशाभूल करू शकतो, कारण दशावतारांशी त्याचा येथे काहीही संबंध नाही. घाट उतरून पाण्यात शिरावे तसे एखाद्या विषयात उतरणे, त्यात प्रवेश करणे, हा त्याचा मूळ अर्थ. आणि ज्या विषयात उतरायचे तो म्हणजे बोधिसत्त्वाची चर्या, सर्व प्राणिमात्रांच्या दुःखमुक्तीसाठी बुद्धत्वाची आकांक्षा धरणाऱ्या साधकाचे आचरण. या आकांक्षेला ‘बोधिचित्त’ अशी संज्ञा आहे. शांतिदेव आरंभीच तिचे दोन प्रकार करतात : जाण्याची इच्छा होणे हे ‘प्रणिधिचित्त’ आणि प्रत्यक्ष वाटेला लागणे हे ‘प्रस्थानचित्त’. वारीला जावेसे वाटणे आणि वारीत चालू लागणे यांत जे अंतर आहे, ते येथे अभिप्रेत आहे. इच्छेलाही पुण्य आहे, पण अखंड पुण्यप्रवाह वाहतो तो चालू लागल्यावर, असे शांतिदेवांचे म्हणणे आहे. म्हणूनच ग्रंथाचा फार मोठा भाग करुणेच्या स्तुतीला नव्हे, तर तिच्या सरावाला वाहिलेला आहे.

ग्रंथाचे परिच्छेद दहा आणि श्लोक 913 आहेत. त्यांचा क्रम नीट लक्षात घेतला पाहिजे. स्वतःला आणि दुसऱ्याला समान मानण्याचा विचार आठव्या, ध्यानाच्या परिच्छेदात येतो, आणि त्याच्या आधी पाचवा परिच्छेद ‘संप्रजन्य’ या विषयावर, म्हणजे आपले शरीर आणि मन या क्षणी काय करीत आहे याच्या जागरूक देखरेखीवर, तर सहावा 134 श्लोकांचा परिच्छेद ‘क्षांती’वर, म्हणजे क्रोधाच्या उपशमावर आहे. हा क्रम योगायोगाचा नाही. ज्या मनाला स्वतःचा राग उठताना दिसत नाही, त्याला दुसऱ्याचे दुःखही फार वेळ दिसत नाही, हे गृहीत धरूनच शांतिदेवांनी करुणेची इमारत रागाच्या चिकित्सेवर उभी केली आहे.

हा क्रम आधुनिक वाचकापर्यंत पोहोचवणाऱ्या विवरणकारांत पेमा चोड्रॉन या भिक्षुणीचे स्थान महत्त्वाचे आहे. 1936 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि काही काळ प्राथमिक शाळेत शिक्षिका असलेल्या चोड्रॉन यांनी 1974 साली श्रामणेरीची, म्हणजे प्राथमिक, दीक्षा घेतली. चोग्याम त्रुंगपा या तिबेटी आचार्यांच्या त्या शिष्या, आणि 1984 पासून कॅनडातील केप ब्रेटन बेटावरच्या गॅम्पो ॲबी या मठाशी त्यांचे नाव जोडले गेले. ‘बोधिचर्यावतारा’वरील त्यांचे विवरण ‘नो टाइम टू लूज’ या नावाने 2005 साली प्रसिद्ध झाले. पंडिती टीकाकार ज्या ठिकाणी प्रतिपक्षाच्या मतांचे खंडन करीत थांबतात, तेथे ही भिक्षुणी थांबत नाही. ती थांबते ते कोणी टोचून बोलल्यावर जबडा आवळला जातो त्या क्षणापाशी. या क्षणासाठी ती ‘शेन्पा’ हा तिबेटी शब्द वापरते. कोशात त्याचा अर्थ ‘आसक्ती’ असा मिळतो, परंतु तिच्या विवरणात तो गळात मासा अडकावा तसे मन अडकण्याचा, रागाचे शब्द ओठांवर येण्यापूर्वीच्या त्या सूक्ष्म ताणाचा वाचक आहे.

पाचव्या परिच्छेदातील ‘काष्ठवत्’ राहण्याचा उपदेश या दृष्टीने वाचला की त्याचा खरा अर्थ उघड होतो. मन उपहासाकडे, बढाईकडे, कठोर बोलण्याकडे धावू लागले की साधकाने लाकडासारखे स्थिर राहावे, असे शांतिदेव पुन्हापुन्हा सांगतात. वरवर पाहता हा भावनाशून्यतेचा उपदेश वाटतो आणि करुणेच्या ग्रंथात तो विसंगतही भासतो; पण येथे मन मारायचे नसून ऊर्मी आणि कृती यांच्यामध्ये थोडी जागा करायची आहे, आणि त्या जागेखेरीज पुढच्या परिच्छेदातील युक्तिवादांना मनात शिरायला वावच राहत नाही.

ते युक्तिवाद विलक्षण आहेत. पित्त खवळून शरीराला असह्य वेदना झाल्या तरी कोणी पित्तावर रागावत नाही, कारण ते कारणांच्या अधीन आहे हे सर्वांना मान्य असते. मग कारणांच्याच रेट्याने वागणाऱ्या माणसावर राग का धरावा, असे शांतिदेव विचारतात. काठीने मारले तर काठीवर राग येत नाही, ती चालवणाऱ्यावर येतो. पण चालवणाराही द्वेषाने चालवला गेलेला असतो, तेव्हा राग धरायचाच तर तो द्वेषावर धरला पाहिजे. यातून अन्याय मुकाट्याने सोसण्याचा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. जेथे उपाय आहे तेथे खिन्न होण्याचे कारण नाही, असे याच परिच्छेदात सांगितले आहे, आणि उपाय करण्यासाठी लागणारे शांत डोके हेच क्षांतीचे प्रयोजन आहे.

आठव्या परिच्छेदात ग्रंथाचा गाभा येतो. ‘परात्मसमता’ म्हणजे दुसरा आणि आपण यांना समान मानणे, आणि ‘परात्मपरिवर्तन’ म्हणजे त्यांची अदलाबदल करून दुसऱ्याच्या जागेवरून स्वतःकडे पाहणे, अशा दोन पायऱ्या तेथे सांगितल्या आहेत. दुसऱ्याचे दुःख आपल्याला होत नाही, मग ते आपण का निवारावे, ही शंका प्रतिपक्षी उपस्थित करतो. शांतिदेवांचे उत्तर असे की पायाला झालेली वेदना हाताला होत नाही, तरी हात पायाच्या मदतीला जातो. यापुढचा मुद्दा अधिक खोल आहे. ‘संतान’ म्हणजे क्षणांची मालिका आणि ‘समुदाय’ म्हणजे घटकांचा समूह. ज्याला ‘आपण’ म्हटले जाते ते या दोहोंपलीकडे काही नाही, आणि पंक्ती किंवा सेना यांप्रमाणे ही दोन्ही व्यवहारापुरती नावे आहेत. ‘पंक्ती’ या शब्दापासूनच मराठीत ‘पंगत’ आली : बसलेली माणसे उठली की पंगत म्हणून वेगळे काहीच मागे उरत नाही. दुःखाचा असा कोणी स्थिर धनीच नसेल, तर ‘माझे दुःख’ आणि ‘त्याचे दुःख’ हा भेद टिकत नाही, आणि दुःख निवारायचे ते ते दुःख आहे एवढ्याच कारणाने.

तिबेटमध्ये या परिवर्तनाला श्वासाची जोड मिळून ‘तोंगलेन’ ही साधना रूढ झाली : आत येणाऱ्या श्वासाबरोबर दुसऱ्याचे दुःख घेण्याची आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर त्याला सुख देण्याची भावना करणे. चोड्रॉन यांच्या शिकवणीत तिला मोठे स्थान आहे. तथापि, त्यांनी आपल्या विवरणातून नववा, ‘प्रज्ञापारमिता’ हा शून्यतेचे प्रतिपादन करणारा परिच्छेद वगळला आहे, आणि ही उणीव लहान म्हणता येणार नाही. तो परिच्छेद दुर्घट आहे, सामान्य वाचक तेथे अडखळेल, हे खरे. परंतु दुःखाला धनी नाही हे आठव्या परिच्छेदातील विधान ज्या पायावर उभे आहे, तो पाया नवव्यात आहे. तो काढून घेतला की परात्मसमता ही सदिच्छा म्हणून उरते, सिद्धांत म्हणून उरत नाही.

भिक्षुणीने हा ग्रंथ शिकवण्याला आणखी एक अंग आहे. शांतिदेवांचे श्रोते पुरुष भिक्षू होते, त्यामुळे आसक्ती मोडण्यासाठी देहाची अशुचिता वर्णन करताना त्यांनी स्त्रीदेहच निवडला. तो भाग वाचणाऱ्या स्त्रीला आसक्तीचा विषय आपल्या परीने बदलून घ्यावा लागतो. दहाव्या, ‘परिणामना’ म्हणजे अर्जित पुण्य सर्वांच्या कल्याणाकडे वळवण्याच्या परिच्छेदात, जगातील स्त्रियांना पुरुषत्व लाभावे अशीही एक इच्छा आहे, आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्याच परिच्छेदात, थोड्याच अंतरावर, भिक्षुणींना चरितार्थाची साधने मिळोत आणि त्या कलह व त्रास यांपासून मुक्त राहोत, अशीही प्रार्थना आहे. तिबेटमध्ये मात्र पूर्ण उपसंपदेची, म्हणजे भिक्षुणीच्या संपूर्ण दीक्षेची, परंपरा प्रस्थापितच झाली नाही. म्हणून चोड्रॉन यांना 1981 साली ती दीक्षा हाँगकाँगमध्ये, चिनी परंपरेनुसार घ्यावी लागली. विद्येचे दारही असेच उशिरा उघडले. न्याय, विनय, अभिधर्म आणि शून्यतेचे प्रतिपादन करणारे माध्यमिक दर्शन यांच्या अनेक वर्षांच्या अध्ययनानंतर दिली जाणारी ‘गेशेमा’ ही पदवी, भिक्षूंच्या ‘गेशे’ पदवीच्या तोडीची, डिसेंबर 2016 मध्ये कर्नाटकातील मुंडगोड येथे दलाई लामा यांच्या हस्ते प्रथमच 20 भिक्षुणींना मिळाली. नवव्या परिच्छेदाचे विवरण एखाद्या भिक्षुणीने करावे, यासाठी लागणारी तयारी आता त्यांच्या हाती आहे.