शरदातले वाटसरू

जर्मनीहून शिकून परतलेल्या पक्षीशास्त्रज्ञ सालीम अलींच्या हाती १९३० मध्ये नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठी त्यांनी मुक्काम केला आणि पावसाळाभर सुगरणींची घरटी न्याहाळली. सुगरणींची ती गोष्ट पुष्कळांनी वाचलेली असते. त्याच सुमारास त्याच परिसरात त्यांना आणखी एक पक्षी गवसला. त्याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. बुलबुलाएवढा, राखाडी अंगाचा, लांब शेपटीचा हा पक्षी इराक-इराणकडचा. त्याला इंग्रजीत ग्रे हायपोकोलियस म्हणतात, आणि त्याच्या कुळात तो एकटाच आहे. उत्तर कोकणात हा पक्षी सापडल्याची नोंद सालीम अलींनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. भारतातली ती त्याची पहिली नोंद.

त्यानंतर कित्येक वर्षं हायपोकोलियस म्हणजे एक नवलाची गोष्ट होती. मग १९९० नंतर कच्छमध्ये, बन्नीच्या गवताळ पट्ट्याच्या कडेला असलेल्या फुलाय गावाजवळ तो हिवाळ्यात नेमाने दिसायला लागला. तिथल्या पिलूच्या झाडांची फळं खायला तो येतो. आज देशभरातले पक्षीनिरीक्षक मुद्दाम फुलायची वाट धरतात. पक्षी त्याआधीही येत असेल, पण त्या झाडांपाशी हिवाळ्याच्या सकाळी दुर्बीण घेऊन उभं राहणारं कुणी नव्हतं. दुर्मीळ पक्ष्यांबद्दल बोलताना हे पहिलं लक्षात घ्यायला हवं. एखादा पक्षी खरोखरच क्वचित येतो, की तो येतो तेव्हा आपण तिथे नसतो, हे ठरवणं सोपं नाही.

ते ठरवायचं तर सर्वात मोलाचे महिने भाद्रपद ते कार्तिक. परतीचा पाऊस रेंगाळत असतो, गवत कमरेएवढं झालेलं असतं, पाणवठे भरलेले असतात आणि किड्यांचा सुकाळ असतो. ऑगस्ट सरतासरता करडा धोबी ओढ्याकाठी शेपूट हलवताना दिसतो. भोरड्यांचे थवे मध्य आशियातून उतरतात. पाठोपाठ तुतारी, चिखल्या, मालगुजा, गप्पीदास आणि बदकं येतात. हे सगळे हिवाळी पाहुणे. चार-सहा महिने राहून फाल्गुन-चैत्राकडे परत जातात. त्यांची ओळख शाळकरी मुलांनाही करून देता येते.

वाटसरूंचं तसं नाही. त्यांना आफ्रिकेत जायचं असतं. भारत त्यांच्या वाटेवरचा नुसता थांबा. काही दिवस, कधी काही तास, एखाद्या बाभळीवर किंवा कुंपणाच्या तारेवर बसायचं, पोटभर किडे खायचे, अंगावर चरबी चढवायची आणि रात्रीत निघायचं. लहान पक्ष्यांपैकी बरेच जण रात्रीच उडतात. हवा थंड असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. त्यामुळे काल संध्याकाळी ज्या झुडपात काही नव्हतं, तिथे आज सकाळी युरोपातून किंवा कझाकस्तानातून आलेला पाहुणा बसलेला असू शकतो.

कच्छ हे या वाटसरूंचं आपल्याकडचं सर्वात गजबजलेलं ठाणं. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे लाल पाठीचा खाटीक, ठिपकेवाला माशीमार, तांबूस शेपटीचा झुडपी रॉबिन, युरोपीय रातवा, निळ्या गालाचा वेडा राघू अशी मंडळी दिसतात. भारतात इतरत्र यातले बहुतेक पक्षी पाहायला मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट. गंमत अशी की वसंतात परत जाताना यातले बहुतेक जण कच्छला फिरकतही नाहीत. ते अरबस्तान-इराणवरून पश्चिमेच्या वाटेने निघून जातात. कारण सरळ आहे. पावसाळ्यानंतरचं कच्छ हिरवं असतं, एप्रिलमधलं कच्छ रखरखीत. जाताना एक वाट आणि येताना दुसरी, असा फेरा त्यांनी अन्नाच्या हिशेबाने बांधलेला असतो.

या ओघाची एक बारीक धार महाराष्ट्राच्या माळांवरूनही जाते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सासवड-मोरगावच्या बाजूला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला विजेच्या तारेवर निळा पक्षी बसलेला दिसला, तर शंभरातल्या नव्वद वेळा तो आपला नेहमीचा नीलपंख असतो. काही भागांत त्याला तास किंवा चास म्हणतात. उत्तर भारतात आणि तेलंगणात दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. पण नेमक्या त्याच दिवसांत त्याचा युरोपीय भाऊबंदही इथून जात असतो, म्हणून अशा तारेखाली थोडं थांबावं. आपल्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी असते आणि गळ्यावर फिकट रेघा असतात. युरोपीय पक्षी डोक्यापासून पोटापर्यंत फिकट निळा, पाठ मात्र विटकरी. तारेवर बसलेल्या कोवळ्या वयाच्या पक्ष्यात हे फरक पुसट असतात, तिथे भले भले फसतात. मग वाट पाहायची ती उडण्याची. आपल्या नीलपंखाचा पंख उघडला की गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे झळकतात. युरोपीय पक्ष्याने पंख उघडले की मागची कड काळी दिसते. जेमतेम दोन सेकंदांचा खेळ. तेवढ्यात कॅमेऱ्याने एक हललेला, धूसर फोटो पकडला तरी चालतो. पक्षीनिरीक्षक त्याला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात. तो भिंतीवर लावायच्या लायकीचा नसतो, पण पंखाची काळी कड त्यात दिसली की ओळख पक्की होते.

कोण कुठून येतो आणि कुठे जातो, हे कळायला फार वर्षं लागली. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्याचं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्येच सुरू केलं होतं. त्याला मोठं बळ मिळालं ते एका आजारामुळे. कर्नाटकातल्या शिमोगा भागात १९५७ मध्ये माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणली. विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांबरोबर हा रोग आणतात की काय, अशी शंका आली आणि १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्षी पकडून कडी घालायला घेतली. पक्ष्यांनी रोग आणल्याचं काही सिद्ध झालं नाही. त्या शोधाने स्थलांतराची माहिती मात्र खूप दिली. कोकणात दोडामार्गच्या लोकांना हा आजार ‘माकडताप’ म्हणून आज चांगलाच परिचयाचा आहे.

कड्याची अडचण अशी की तोच पक्षी पुन्हा कुणाच्या तरी हाती लागावा लागतो. उपग्रहाशी बोलणारे चिमुकले टॅग आले आणि हे चित्र पालटलं. मंगोलियात २०१९ च्या जूनमध्ये ओनॉन नावाच्या एका नर कुक्कूच्या पाठीवर असा टॅग बसवला गेला. तो भारतावरून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत झांबियापर्यंत गेला आणि २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस परत आपल्या गावी पोहोचला. प्रवास सुमारे २६,००० किलोमीटरांचा, वाटेत १६ देश.

याच जातीचा कुक्कू शरदात महाराष्ट्रातूनही जातो, आणि फार थोड्यांच्या नजरेला पडतो. वीण संपल्यामुळे तो गप्प असतो. पोटावरचे आडवे पट्टे पाहून लोक त्याला शिक्रा समजतात. तो झाडीत बसून सुरवंट टिपत राहतो आणि कुणाला पत्ता न लागता निघून जातो. त्याच्या पिल्लाचा विचार केला की मन थक्क होतं. ते दुसऱ्याच जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात वाढलेलं असतं, आई-बाप त्याने कधी पाहिलेले नसतात. तरीही पहिल्याच शरदात ते एकटं निघतं आणि कुणीही वाट न दाखवता समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतं. दिशा त्याच्या रक्तातच असते.

रक्तातल्या या दिशेत कधी चूक होते, कधी वारा आड येतो. मग तिसऱ्या प्रकारचे पक्षी दिसतात, वाट चुकलेले. २०२३ च्या सप्टेंबरात ‘ली’ चक्रीवादळाच्या मागून आलेल्या वाऱ्यांनी अमेरिकेतले जेमतेम दहा-बारा ग्रॅमचे वटवटे अटलांटिकपार नेऊन आयर्लंड आणि वेल्सच्या किनाऱ्यावर टाकले, तेव्हा तिथल्या पक्षीनिरीक्षकांची झोप उडाली होती. अशा पक्ष्यांत पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली कोवळी पिल्लं जास्त असतात. बघणाऱ्याला तो आयुष्यातला सोन्याचा दिवस वाटतो. पक्षी मात्र थकलेला, भुकेला आणि घरापासून हजारो मैल दूर असतो. फोटोसाठी त्याला झुडपाझुडपातून हुसकत राहणं किंवा मोबाइलवर आवाज वाजवून बाहेर काढणं यासारखा दुष्टपणा नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गाड्यांची रांग लागते.

बातमी आणि नोंद यांत फरक आहे. बातमी व्हॉट्सअॅपवर संध्याकाळपर्यंत फिरते आणि विरून जाते. नोंदीत तारीख, वेळ, जागा, संख्या आणि ओळखीची खूण असते. आता बहुतेक जण ती ईबर्ड या संकेतस्थळावर करतात. वेगळी नोंद दिसली की तिथले स्वयंसेवक परीक्षक विचारणा करतात, ‘ओळख कशावरून पटली?’ काहींना याचा राग येतो, पण या चौकशीमुळेच नोंदीला किंमत येते. अशा ३ कोटी नोंदींवर २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा राहिला. ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी त्या गोळा केल्या होत्या. दूरचा प्रवास करणाऱ्या पक्ष्यांची संख्या वेगाने घटते आहे, हे त्यातूनच पुढे आलं.

घट का होते याची उत्तरं अनेक देशांत विखुरलेली आहेत. एक उत्तर तर अगदी आपल्या दाराशी आहे. वाटसरूला उतरायला माळ लागतो. सरकारी दप्तरात हा माळ ‘पडीक’ असतो, त्यामुळे प्लॉट पाडायला, नांगरायला, खाणीला किंवा झाडं लावायलाही तो मोकळाच समजला जातो. धनगरांची मेंढरं जिथे पिढ्यान्‌पिढ्या चरली, तिथेच भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात गवतात जमिनीवर रात्रीचा मुक्काम करतात. गवत गेलं की मुक्काम गेला. झाड तोडलं तर चार माणसं आडवी तरी येतात. माळ संपतो तेव्हा ओरडणारं कुणी नसतं.

माणसांनी ठरवलं तर काय होतं, याचा पुरावा मात्र याच प्रवाशांपैकी एकाने दिला आहे. अमूर ससाणा हा कबुतराहून लहान, जेमतेम दीडशे ग्रॅमचा शिकारी पक्षी. सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि थंडीत दक्षिण आफ्रिका गाठतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमधल्या दोयांग जलाशयाच्या परिसरात लाखोंनी उतरतो आणि उडत्या वाळवीवर ताव मारतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून एका हंगामात लाखाच्या घरात ससाणे मारले गेल्याचं उघडकीस आलं. देशभर हळहळ झाली. त्यानंतर पांगती आणि आसपासच्या गावांतल्या लोकांनी, चर्चने, वनखात्याने आणि संस्थांनी मिळून ठरवलं, आणि २०१३ च्या हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे टॅग बसवले गेले. त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती.

टॅगमुळे त्यांची वाट नकाशावर उमटली. ईशान्येतून निघून ते भारत आडवा पार करतात आणि पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्रात घुसतात. पुढे सोमालियापर्यंत तीन हजार किलोमीटरांच्या आसपास पाणीच पाणी, टेकायला जागा नाही. पाठीवर ईशान्येचा वारा असतो. त्याच वाऱ्यावर भारताकडून आफ्रिकेकडे चतुरांचे थवेही निघतात आणि ससाणे त्यांना हवेतल्या हवेत खात असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

म्हणजे समुद्रात शिरण्याआधी सह्याद्री त्यांच्या वाटेवर येतो. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अलींचा जन्मदिवस, म्हणून या दोन तारखांमध्ये पक्षी सप्ताह साजरा होतो. सप्ताहाची व्याख्यानं-प्रदर्शनं आटोपली की पुणे-मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांचे डोळे लोणावळ्याकडे लागतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या कड्यांवर अमूर ससाणे दिसतात. कधी दोन, कधी थवा, कधी दिवसभर उभं राहून काहीच नाही. ऊन चढलं की दरीतून वर येणाऱ्या हवेवर ते पंख न हलवता तरंगत वर येतात. नराचे पाय आणि चोचीचं बूड नारिंगी असतं, ते साध्या डोळ्यांनीही कळतं. चतुर पकडला की उडता उडताच पाय चोचीकडे नेऊन तो खातात, आणि कुरतडलेले पारदर्शक पंख उन्हात गिरक्या घेत खाली येतात. दुपारी वारा फिरतो. थवा उंच चढत बारीक ठिपक्यांएवढा होतो आणि कोकणाच्या अंगाला सरकतो. कड्यावर उभा असलेला कुणीतरी वहीत वेळ लिहितो, अंदाजे संख्या लिहितो, दिशेच्या रकान्यात ‘पश्चिम’ लिहितो आणि पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावतो.